वजा पाच घोडे

आमच्या गाडीला श्वास कमी पडतो हे मला कळलं, त्याआधी ती तीन महिने अगदी व्यवस्थित चालत होती.

गाडी म्हणजे लाल, दोन दारांची, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार. नागपूरच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाला तिचा कंटाळा आला म्हणून ती माझ्याकडे आली. मध्य प्रदेशातल्या सौंसरला सरकारी शाळेत एकोणतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला अशी गाडी कशाला हवी, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की आता त्याचं उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलंय. एवढंच सांगतो: ज्या माणसाने जन्मभर फळ्यावर ‘शक्ती म्हणजे कार्य भागिले वेळ’ असं लिहिलं आणि घरी गॅसचं सिलेंडर मात्र बायकोने एक बाजू धरल्याशिवाय उचललं नाही, त्याचं दुःख त्यालाच माहीत.

श्वासाचं मला मोबाइलवरच्या एका व्हिडिओने सांगितलं. इंजिनाला पेट्रोलच्या चौदापट वजनाची हवा लागते, हे मी वर्गात शिकवतोच. व्हिडिओतल्या दाढीवाल्या तरुणाचं म्हणणं असं की कंपनी गाडीचं नाक एका काळ्या प्लास्टिकच्या डब्यात कोंबून ठेवते. तो डबा काढा, मोकळा फिल्टर आणि चकचकीत नळी लावा, की बारा हॉर्सपॉवर वाढलेच समजा. कंपनीने आमच्या गाडीत एकशे चौतीस घोडे दिले होते. बारा मिळवले की एकशे सेहेचाळीस. मी त्याच दिवशी ऑर्डर दिली.

खोकं आलं तेव्हा शेजारचे पुंडलिकराव ओसरीवरच बसले होते. ते तहसीलमधून मोठे बाबू म्हणून रिटायर झाले आहेत आणि तेव्हापासून आमच्या घरी येणारी प्रत्येक वस्तू त्यांच्यासमोर उघडावी लागते. त्यांनी फिल्टर हातात घेतला, दाबून पाहिला, नाकाला लावला.

“सर, हा तं कापूस आहे.”

“कापसाचीच जाळी असते त्यात. तेल लावलेली. फार बारीक काम असतं ते.”

“म्हणजे कापूस आपण पिकवाचा, आणि चिंधी बाहेरून मागवाची?”

माझी आई, केसरबाई, आतून आली. तिचं बालपण मोहगावला कापूस वेचण्यात गेलं. तिने फिल्टरचा एक धागा नखाने ओढला आणि निकाल दिला, “आखूड धाग्याचा हाय. याच्यापरीस तं आपल्या गादीतला बरा.” एवढ्यावर न थांबता तिने किंमत विचारली. मी सांगितली नाही. आजतागायत सांगितलेली नाही.

माझी मुलगी प्रणाली बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय माझाच. तिने खोक्यावरचं ‘बारा’ वाचलं आणि विचारलं, “बाबा, हे बारा घोडे मोजले कोणी?”

“कंपनीनं.”

“कोणत्या गाडीवर? कुठं?”

“ते नाही लिहिलं.”

“मग आपण मोजू ना. आधी एकदा, बसवल्यावर एकदा.”

मला अभिमानाने भरून आलं. असा प्रश्न माझ्या वर्गात एकोणतीस वर्षांत तीन पोरांनी विचारला असेल. पद्धतही तिनेच काढली. रामाकोना ओलांडून पुढे गेलं की घाट लागतो. खालच्या मैलाच्या दगडापासून वरच्या पुलियापर्यंत, म्हणजे छोट्या पुलापर्यंत, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबून चढायचं. चढ तोच, वजन तेच. वेळ कमी लागला तर शक्ती वाढली. “चालवते मी,” ती म्हणाली, “लायसन्सला वर्ष झालं माझ्या. तुम्ही वेळ घ्या.”

“गाडी ताकदीची आहे, बेटा,” मी म्हणालो. “तू आपलं स्टॉपवॉच धर.”

वजन तेच राहिलं पाहिजे म्हणून नत्थूजीच्या धर्मकाट्यावर गेलो. तिथे कापसाचे आणि संत्र्याचे ट्रक मोजले जातात. नत्थूजीने आमच्याकडे खिडकीतून बराच वेळ पाहिलं. पावतीवर ‘माल’ असा रकाना होता आणि तो रिकामा ठेवला तर मशीन पावती काढत नव्हतं.

“माल काय लिहू, सर?”

“माल नाही. आम्ही दोघंच.”

“रिकामं चालत नाही ना जी. कापूस, संत्रा, सरकी, भुसा, यातलं एक सांगा.”

त्या पावतीवर मी आणि माझी मुलगी मिळून ‘भुसा’ आहोत. पावती अजून माझ्याकडे आहे. विज्ञानासाठी माणसाला काय काय सोसावं लागतं त्याचा पुरावा म्हणून ठेवली आहे. तिथून जाऊन घाट चढलो. वेळ आला ब्याण्णव पूर्णांक चार दशांश सेकंद. प्रणालीने तो प्रॅक्टिकलच्या वहीत तारखेसह लिहिला.

पुढच्या शुक्रवारी वीरेंद्रने त्याच्या गॅरेजात नवी नळी बसवली. वीरेंद्र माझा विद्यार्थी, बारावीत दोनदा. त्याने बॉनेटखाली पाहून मान हलवली. “सर, हा उघडा फिल्टर इंजिनच्या डोक्यावर आला. गरम हवा ओढन.” मी त्याला आठवण करून दिली की उष्णतेच्या धड्यात त्याला शंभरपैकी अकरा होते. त्याने जुना काळा डबा माझ्या हातात ठेवला. घरी येताच आईने तो माझ्याकडून घेतला, आतली जाळी काढून साबणाने धुतला आणि उन्हात पालथा घातला. झाकण, चार क्लिपा, आत जाळी. इतका भक्कम डबा गावात मिळत नाही, असं तिचं मत पडलं.

गाडीचा आवाज मात्र बदलला होता. पाय दाबला की बॉनेटखालून मोठ्याने सुस्कारा यायचा. आमच्या भागात आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकली याच श्रद्धेवर फिरतात. दोन दिवसांत बसस्टँडपर्यंत बातमी गेली की सरांची गाडी श्वास घेते.

यावर पुंडलिकरावांनी कायद्याचा मुद्दा काढला. “बदल केला तर नोंद लागते, सर. कोण्या दिवशी रस्त्यात धरलं म्हणजे?” त्यांनी स्वतः अर्ज लिहून दिला, तीन प्रतींत. मी एक रजा टाकून आरटीओ कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाबूने अर्ज वाचला, उलटा करून पाठीमागेही वाचला.

“रंग बदला?”

“नहीं.”

“इंधन? सीट? मालिक?”

“नहीं. हवा का रास्ता बदला है.”

त्याने कॉम्प्युटरवर खालपर्यंत पाहिलं. “सर, हवा का कॉलम नहीं है.” मग त्याला माझी दया आली असावी. त्याने सुचवलं की मी एक शपथपत्र आणावं, ज्यात गाडी पूर्वी जी हवा घेत होती तीच हवा आताही घेत आहे असं लिहिलेलं असेल. मी त्याला फिल्टर, घनता आणि तापमान समजावून सांगायला लागलो. माझ्यामागे अकरा माणसं उभी होती. त्यांपैकी एकाने मला सांगितलं, “गुरुजी, शाळा उद्या भरवा.” मी अर्जाच्या तिन्ही प्रती घेऊन परत आलो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आवडत नाही.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही पुन्हा काट्यावर ‘भुसा’ झालो आणि पुन्हा घाट चढलो. गाडीने सुस्कारे टाकले, माकडं कठड्यावरून पळाली, मला स्वतःला आपण विमान चालवतो आहोत असं वाटलं. पुलियावर पोचल्यावर मी विचारलं, “किती?”

प्रणाली स्टॉपवॉचकडे पाहत होती. “शहाण्णव पूर्णांक एक.”

“सत्त्याऐंशी असेल. नीट पाहा.”

“शहाण्णवच आहे, बाबा. वाढला वेळ.”

गणित मी तोंडी केलं, ते मला थांबवता आलं नाही. एकशे अठ्ठावीस पूर्णांक आठ. वाढायचे होते बारा, उलट पाच घोडे पळून गेले होते. आम्ही घरी आलो. फाटकाशी पुंडलिकराव उभेच होते, सोबत गल्लीतले चार जण. “किती भरले, सर?”

मी गाडीतून उतरलो आणि म्हणालो, “एकशे सेहेचाळीस.”

प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातातलं स्टॉपवॉच पुंडलिकरावांनी हळूच वाकून बघितलं, कारण ते जन्मभर दुसऱ्यांचे कागद उलटे वाचत आले आहेत. “इथं तं शहाण्णव दिसून राहिलं ना?”

“पोरीचा अंगठा उशिरा पडला,” मी म्हणालो. “वर पोचून बराच वेळ झाला तरी बटण दाबलं नाही. मी मनात मोजत होतो ना.”

सगळे हसले. पुंडलिकराव म्हणाले, “होते असं, बाई, घाबरते माणूस.”  आत जाऊन प्रणालीने वही टेबलावर ठेवली आणि पेन माझ्या बाजूला सरकवलं. मी एकशे सेहेचाळीसला बरोबर किती सेकंद लागतात ते उलटं काढलं आणि लिहिलं: चौऱ्याऐंशी पूर्णांक आठ.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती म्हणाली, “बाबा, तुम्हीच शिकवता ना, ज्याचं उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळतं त्यानं प्रयोग केलेला नसतो?”

“शिकवतो.”

“आम्हाला त्यावर ‘पुन्हा करा’ असं लाल शाईनं लिहून देता.”

मी चहा फार गरम असल्याचं सांगून बाहेर गेलो. बायको अनुराधाला काहीच माहीत नव्हतं. तिने फक्त विचारलं की प्रणाली आजकाल तुमच्याशी ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच काऊन बोलून राहिली. मी सांगितलं, अभ्यास वाढला आहे.

खरं तर त्या दिवसांत मला झोप नीट लागत नव्हती. गाव मात्र खूश होतं. शाळेत हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी ‘एकशे सेहेचाळीस’ हा आकडा विज्ञानाच्या प्रगतीचं उदाहरण म्हणून वापरला. पुंडलिकरावांनी तर कहरच केला: पोळ्याच्या आदल्या दिवशी रविवार येत होता, तेव्हा सगळ्यांनी टेम्पो करून घाटात जायचं आणि सरांचं प्रात्यक्षिक पाहायचं, असं त्यांनी परस्पर ठरवलं. वर्गणीही गोळा झाली. मी पावसाचं कारण काढलं, तर नेमकं आभाळ उघडलं.

पोळ्याचा आदला दिवस म्हणजे खांदशेकणी. वर्षभर ज्या खांद्यावर ओझं वाहिलं, तो बैलाचा खांदा त्या दिवशी गरम पाण्याने शेकायचा, तूप-हळद चोळायची आणि त्याच्या कानाशी जाऊन दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आमच्याकडे आता शेत नाही, बैल नाही. आई दरवर्षी या दिवशी थोडी गप्प असते. त्या सकाळी मी बॉनेट उघडून पुंडलिकरावांना नवी नळी दाखवत होतो. आईने मागून विचारलं, “याचा सारा जोर कुठून येते रे, बाबू?”

“इथून, आई,” मी फिल्टरवर हात ठेवून, पुंडलिकरावांना ऐकू जाईल असं म्हणालो. “सगळी ताकद इथूनच.”

आणि आंघोळीला गेलो.

निघताना गाडी जरा जड वाटली. मला वाटलं, माझंच मन जड आहे. मागून टेम्पोत पंचवीस माणसं, त्यात आई शिदोरी घेऊन आणि वीरेंद्र हत्यारांसह. प्रणाली माझ्या शेजारी, स्टॉपवॉच मुठीत, नजर खिडकीबाहेर. रामाकोन्याला पोचलो तेव्हा छान बेसन भाजल्याचा वास आला. मी म्हणालो, “कोणाकडे तरी लाडू होऊन राहिले.” ती म्हणाली, “हो.”

लाडवांचा वास गावाबाहेरही सुटेना. घाटाच्या पायथ्याशी तो इतका दाट झाला की मला भूक लागली. मैलाच्या दगडाशी मी पाय दाबला. गाडीने एक उचकी दिली, दुसरी दिली, पहिलं वळण कसंबसं घेतलं आणि दुसऱ्या वळणावर पांढरा धूर सोडून बसली. पंचवीस माणसं टेम्पोतून उतरून अंत्ययात्रेच्या चालीने वर आली.

वीरेंद्रने बॉनेट उघडलं. फिल्टर पिवळाधमक होता. एका बाजूला तूप थिजलेलं, दुसऱ्या बाजूला वितळून इंजिनवर गळत होतं, आणि वर हळदीची पाच बोटं स्पष्ट उमटली होती.

“आई!” मी ओरडलो.

“काय ‘आई’?” ती पुढे आली. “तूच म्हणे, सारा जोर इथून. मंग खांदा तोच ना? शेकला, मळला, आवतण देल्लं. आज आवतण घे, उद्या जेवाले ये, म्हटलं. त्यानं तं काही कुरकूर नाही केली, तूच करून राहिला.”

लोक हसले, पण लगेच त्यांना वाईटही वाटलं. पुंडलिकराव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “जाऊ द्या, सर. नाहीतर आज एकशे सेहेचाळीस झालेच होते. केसरबाईच्या तुपानं घात केला.”

वीरेंद्र म्हणाला, “सर, तो जुना डबा असता तं दहा मिनिटांत चालू केली असती.”

डबा होता. आईच्या काखेत होता. त्यात पंधरा भाकरी, झुणका आणि मिरचीचा ठेचा होता, आणि तळाशी कंपनीची कागदी जाळी जशीच्या तशी. “जाळी असली की भाकरीले घाम नाही येत,” आई म्हणाली. भाकरी लोकांत वाटल्या गेल्या, वीरेंद्रने डबा झटकून जागच्या जागी बसवला, नळीतलं तूप पुसलं आणि किल्ली फिरवायला सांगितली. गाडी मुकाट्याने सुरू झाली. सुस्कारा नाही, काही नाही.

आम्ही खाली गेलो आणि पुन्हा चढलो. पुलियावर प्रणालीने बटण दाबलं आणि न विचारता सांगितलं, “ब्याण्णव पूर्णांक सहा.” लोक पायी वर पोचले. सगळ्यांच्या हातात अर्धी-अर्धी भाकरी.

“हे जुन्या डब्याचे,” पुंडलिकराव सगळ्यांना समजावत होते. “नव्या नळीचे एकशे सेहेचाळीस. आज तूप नसतं तं दिसलेच असते. आणि त्या दिवशी पोरीचा अंगठा.”

मला फक्त गप्प बसायचं होतं. सगळं जागच्या जागी होतं. एक दोष आईच्या तुपावर, एक मुलीच्या अंगठ्यावर, आणि माझे बारा घोडे सहीसलामत. आई बाजूला दगडावर बसली होती. हळद लागलेली बोटं पदरात लपवत होती. ती असं कधी करत नाही. प्रणाली उजव्या हाताच्या अंगठ्याकडे पाहत होती.

“अंगठा बरोबर होता,” मी म्हणालो.

“काय म्हटलं, सर?”

“त्या दिवशी वेळ शहाण्णव पूर्णांक एकच आला होता. अंगठा तिचा एकदम वेळेवर पडला. नळी लावून घोडे वाढले नाहीत, पाच कमी झाले. एकशे सेहेचाळीस मी खोटं सांगितलं. वहीत पण मीच खोटं लिहिलं. आणि आईनं काही केलं नाही. तूप नसतं तरी पाच कमीच होते.”

 मग वीरेंद्रने घसा खाकरला. “गरम हवा, सर.”

“हो. गरम हवा. अकरा मार्क तुला कमीच दिले होते मी.”

पुंडलिकरावांनी बराच विचार केला. “मंग पाच घोडे गेले कुठी?” त्यांनी विचारलं. ते खरोखरच त्यांना कळलं नव्हतं, आणि मला त्या घटकेला त्यांचा फार आधार वाटला. परतीच्या वाटेवर लाजेने माझे कान तापले होते. रामाकोन्याजवळ प्रणाली म्हणाली, “बाबा, तुपाचा वास खरंच छान येत होता पण.” आठवड्यानंतर तिने मला ‘हो-नाही’च्या पलीकडचं वाक्य दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोळा. सकाळी घरात पुरणाचा वास भरला होता आणि आईने गाडीच्या टपावर झेंडूची माळ टाकून, समोर नैवेद्याचं ताट ठेवून, आवतणाचा शब्द पाळला होता. टेबलावर प्रॅक्टिकलची वही उघडी होती. माझं चौऱ्याऐंशी पूर्णांक आठ एका रेघेने खोडलेलं होतं. बाजूला शहाण्णव पूर्णांक एक, खाली ‘दहापैकी सहा’, आणि त्याखाली माझ्याच वळणाच्या अक्षरात, लाल शाईने: पुन्हा करा.

मी किल्ली घ्यायला गेलो तर खुंटीवर किल्ली नव्हती. बाहेर गाडीचं इंजिन सुरू होतं. प्रणाली स्टिअरिंगमागे बसली होती, सीट पुढे ओढून, आरसा स्वतःच्या उंचीला लावून. शेजारच्या सीटवर स्टॉपवॉच ठेवलेलं होतं.

“बसा, बाबा,” ती म्हणाली. “या खेपेला अंगठा तुमचा.”